कोपऱ्यावरचा फुस्स

डेपोत देवराव गजभाऱ्यांना नावाने हाक मारणारी माणसं फार थोडी होती. बाकी सगळे त्यांना 'कानवाले भाई' म्हणत. एखादी बस खडखडत आत आली की इतर मेकॅनिक पाने-हातोडे घेऊन धावायचे. देवराव आधी हात पुसायचे, मग खिशातला लांब स्क्रू ड्रायव्हर काढून त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटायचे. एखादा म्हातारा गवई तंबोरा लावताना मिटतो तसे. थोड्या वेळाने म्हणायचे, "तिसऱ्या सिलिंडरचं नोझल." बहुतेक वेळा तिसऱ्याचंच असायचं. कधी दुसऱ्याचं निघालंच, तर तिसरंही जाणारच होतं, असं ते बजावून सांगत. आणि खरं सांगायचं तर पुढेमागे ते जायचंही.

नवीन पोरांना त्यांचा एकच उपदेश असे: कान म्हणेल तेव्हा थांबायचं. मीटर खोटं बोलतं, वरचा साहेब तर बोलतोच, कान खोटं बोलत नाही. कानात कापूस घालणाऱ्यांची ते मनसोक्त टर उडवायचे. स्वयंपाकिणीने जिभेला फडकं गुंडाळून भाजी चाखावी, त्यातला प्रकार, असं म्हणायचे. त्या कापसाची आठवण त्यांना पुढे फार वेगळ्या रीतीने व्हायची होती.

दुरुस्त झालेली बस रस्त्यावर नेऊन पाहणं हे देवरावांचं आवडतं काम. या ट्रायलचा रस्ता ठरलेला नव्हता, पण देवरावांची बस कशी कोण जाणे दर वेळी विद्यानगरच्या त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून जायची. तिथं आल्यावर ते ब्रेक दाबायचे आणि पाय सावकाश उचलायचे. ब्रेकमध्ये कोंडलेली हवा 'फुऽस्स' करून बाहेर पडायची. तो आवाज आला की घरात चतुराबाई उठून स्टोव्हवर अंघोळीचं पाणी ठेवत. बस डेपोत लावून, हातांचं ग्रीस डिझेलने काढून देवराव चालत घरी येईपर्यंत पाणी कढत झालेलं असे. लग्न झाल्यावर देगलूरकडून हैदराबादेत आलेल्या चतुराबाईंना ना तेलुगू येत होतं ना दखनी. या परक्या शहरातला त्यांना कळलेला पहिला शब्द म्हणजे हा फुस्स, असं त्या हसत सांगत.

एकदा गंमत झाली. देवरावांच्या डेपोतल्या जोडीदाराने त्यांची खोड काढायची म्हणून त्याच कोपऱ्यावर बस आणून हवा सोडली. त्यांची लहानगी मुलगी दीक्षा "पप्पांची बस, पप्पांची बस" करत दाराकडे पळाली. चतुराबाई पीठ मळत बसल्या होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत. "ते न्हाईत," एवढंच म्हणाल्या. देवराव पाय सावकाश उचलतात, या मेल्याने झटक्यात उचलला, हे त्यांना न बघता कळलं होतं. संध्याकाळी चतुराबाईंनी ही हकीकत सांगितली तेव्हा देवरावांनी मिशीवरून हात फिरवला. घरात आपल्यापेक्षा मोठा कान आहे, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं. पण नवऱ्याला बायकोचा अभिमान वाटणं वेगळं आणि तिचा मोठेपणा कळणं वेगळं.

निवृत्त झाल्यावर देवराव विद्यानगरातच राहिले. जुनी खोली जाऊन त्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट झाला, गॅलरीतून तोच कोपरा दिसणारा. सगळं जागच्या जागी होतं, फक्त आवाज एकेक करून घरातून निघून जायला लागले. आधी मोबाइलची घंटी गेली. मग कुकरची शिटी. मग सकाळच्या चिमण्या. चिमण्यांचं खापर तर त्यांनी मोबाइलच्या टॉवरवर फोडलं आणि चार लोकांना पटवूनही दिलं. इंजिनाचा घोगरा, जाड आवाज अजून नीट यायचा, म्हणून आपल्याला काही झालेलं नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. जन्मभर कापसाशिवाय इंजिनाच्या तोंडाला लावलेला कान बारीक आवाज आधी हरवतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. डेपोतले दोन-तीन म्हातारे असेच बहिरे झालेले त्यांनी पाहिले होते. पण कानवाल्या भाईचे कान गेले, हे लोकांनी म्हणायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग मूठ झाकण्याची तयारी सुरू झाली. कोणी काही विचारलं की आधी हसायचं, मग "हौ, ते तर हायच" म्हणायचं. टीव्हीवर बातम्याच लावायच्या, कारण खाली अक्षरं पळतात. लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीत बसायचं, गप्पांच्या नाही. आणि रोज दुपारी बसने अफझलगंजला जाऊन मोठ्या ग्रंथालयात मराठी पेपर वाचायचे. आपल्याला वाचनाची गोडी लागली, असं ते घरी सांगत. खरी गोष्ट अशी, की त्या इमारतीत कोणालाच बोलायची परवानगी नव्हती. तिथं सगळेच बहिरे, त्यामुळे देवरावांना तिथं फार बरं वाटायचं.

अशात दीक्षाने गाडी घेतली. ती एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची, मराठी वाचताना अडखळायची, पण गाडीच्या वेडात थेट बापावर गेली होती. गाडी सेकंडहँड, लाल रंगाची, टर्बो इंजिनाची. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिनाचं दार मिटतं आणि कोंबलेली हवा मधल्या नळीत अडकते. तिने मागे फिरून पंख्याच्या पात्यांवर आदळू नये, म्हणून नळीवर एक झडप असते. पाय उचलला की झडप उघडते, हवा सुटते. हाच ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. कंपनीच्या गाडीत तो मुका असतो, हवा आतल्या आत फिरवतो. दीक्षाने नारायणगुड्याच्या एका दुकानातून बोलका बसवून आणला होता, हवा बाहेर सोडणारा, फुस्स करणारा.

पण तो धड बोलत नव्हता. पाय उचलला की नळीत कबुतर अडकल्यासारखी फडफड व्हायची. झडपेवरची स्प्रिंग फार ताठ होती, झडप उघडायला तयारच नव्हती. स्प्रिंग सैल-घट्ट करायला वर एक स्क्रू असतो, तो लावून द्यायला दुकानदार आज-उद्या करत होता. एका शनिवारी जेवताना तिने बापासमोर विषय काढला. देवरावांनी आधी तिला फैलावर घेतलं. चांगली गाडी, तिला हा चोचला कशाला? रस्त्यावर फुसफुसत फिरायला ती काय नागीण आहे? दीक्षाने घास खाली ठेवला. मग त्यांच्याकडे नीट तोंड करून ती म्हणाली, "पप्पा, लहानपणी कोपऱ्यावर तुमच्या बसचा फुस्स यायचा नं. तो मला परत पाहिजे होता. म्हणून लावली मी हे. दुसरा कोणी सेट केला तर त्याला काय मतलब?"

यावर कुठला बाप नाही म्हणेल? देवरावांचे डोळे भरून आले. पण तो आवाज आपल्याला यायचा नाही, हे त्यांना त्या घटकेला पक्कं ठाऊक होतं. पोरीने बापाची आठवण पैदा करून आणली होती आणि बापाच्याच कानांत ती शिरणार नव्हती. ते म्हणाले, "उद्या बघतो."

रविवारी सकाळी इमारतीच्या खाली बॉनेट उघडलं गेलं. देवरावांनी जुना खाकी शर्ट घातला होता, त्यात ते कसे खुलून दिसत होते. नळीवरची झडप त्यांनी न सांगता हेरली, लॉकनट सैल केला, वरच्या स्क्रूत चावी बसवली. दीक्षा आत बसून रेस देत होती आणि झटकन पाय उचलत होती. इंजिनाचं गुरगुरणं त्यांना स्पष्ट येत होतं. गुरगुरणं थांबलं की पुढे नुसती शांतता. त्यांनी स्क्रू थोडा सोडला. शांतता. आणखी सोडला. शांतता. दीक्षाने काचेतून अंगठा दाखवला, बरोबर येतंय म्हणून. देवरावांना वाटलं, पोरगी बापाचं मन राखते आहे. डेपोतली शिकाऊ पोरंही असाच अंगठा दाखवायची. कान म्हणेल तेव्हा थांबायचं, हा त्यांचाच कायदा, आणि कान तर काही म्हणायलाच तयार नव्हता. ते सोडत गेले. शेवटी कुठून तरी वारा वाहिल्यासारखं काहीतरी त्यांना वाटलं. ते ऐकू आलं, का गालाला लागलं, का नुसतं मनात आलं, हे त्यांना आजही सांगता येणार नाही. त्यांनी लॉकनट आवळला आणि ऐटीत म्हणाले, "झालं. घेऊन जा."

सोमवारी संध्याकाळी दीक्षा घरी आली ती चेहरा पाडून. नारायणगुड्याच्या सिग्नलवर गाडीने मान टाकली होती, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मागे हॉर्नचा कालवा, एक रिक्षावाला "मॅडम, चलाना नै आता तो कायकू लेते" म्हणून गेला. स्प्रिंग इतकी ढिली झाली होती, की झडप मिटतच नव्हती आणि हवा सारखी गळत होती. तिने रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून पाहिलं तेव्हा स्क्रू जवळजवळ वर येऊन बसला होता. बापाने इतका सोडला कसा, हे तिला आधी कळेना. मग आपण अंगठा दाखवला तेव्हाचा त्यांचा चेहरा आठवला आणि सगळं कळलं.

पण घरी येऊन ती खोटं बोलली. पार्टच डुप्लिकेट आहे, दुकानदाराने फसवलं, तुमचा काही दोष नाही, असं ती खूप मोठ्याने आणि खूप हळू बोलली, लहान पोराला समजवावं तसं. त्या मोठ्याने बोलण्यातच देवरावांना उत्तर मिळालं. हात दाखवून अवलक्षण झालं ते झालं, वर पोरीला आपल्यासाठी खोटं बोलावं लागलं. ते गॅलरीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयातही गेले नाहीत.

चतुराबाईंनी एक दिवस वाट पाहिली. मग शेंगा सोलायला घेऊन त्या गॅलरीत आल्या आणि शेजारी न बसता समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. देवरावांच्या मनात आलं, ही हल्ली नेहमी अशीच समोर बसते. मग एकेक आठवायला लागलं. मागून हाक मारायची सोडून ती टेबलावर हात आपटते, तो हादरा लागला की आपण वळून बघतो. कुकर लावला की ती स्वयंपाकघरातून हलत नाही. फोन वाजला की आधी आपल्या पुढ्यात आणून ठेवते. आपण एवढ्या कसरती करून मूठ झाकतो आहोत आणि ही बाई त्या मुठीवर केव्हाची हात धरून बसली आहे.

"तुला कधीपासून ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

"आवं, कैक सालं झाली," चतुराबाई शेंग फोडत म्हणाल्या. "तुमी सांगताल म्हणून थांबले होते. पोरीला सांगा. ती रडायलीय तिकडं, पप्पाला कमीपणा आला म्हणून."

सोनारानेच कान टोचलेले बरे असतात. देवरावांनी एक शेंग उचलली, फोडली आणि दाणे बायकोच्या हातावर ठेवले.

पुढच्या रविवारी देवराव पुन्हा खाकी शर्ट घालून खाली उतरले. दीक्षा गाडीपाशी अवघडून उभी होती, दुकानात नेऊ, ते करतील, असं काहीतरी पुटपुटत. देवरावांनी तिचा खांदा धरला. "बेटा, मला हा आवाज येत नाही," ते म्हणाले. "बारीक आवाज सगळे गेले. मागच्या वेळी मी स्क्रू अंदाजाने सोडलो. चूक माझी, पार्टची नाही." एवढं बोलायला त्यांना किती वर्षं लागली होती, आणि बोलून झाल्यावर इमारत काही कोसळली नाही. दीक्षाने ओढणीने नाक पुसलं. मग देवरावांनी मागचं दार उघडलं आणि चतुराबाईंना बसायला सांगितलं.

चतुराबाई नव्या लुगड्यात आल्या होत्या. इतकी वर्षं नवऱ्याची ट्रायल त्यांनी घरात बसून ऐकली, पण ट्रायलच्या बसमध्ये घरच्या माणसाला चढायची बंदी. आज पहिल्यांदा त्या ट्रायलला निघाल्या होत्या, आणि बसल्याही अशा ऐटीत की डेपो मॅनेजरच. कायदा देवरावांनी ठरवला: काच खाली ठेवायची, आवाज बरोबर आला तर चतुराबाईंनी मागून त्यांच्या खांद्यावर एक थाप द्यायची, फडफड झाली किंवा बिघडला तर दोन. मग त्यांनी आधी स्क्रू पुन्हा आवळून घेतला. नव्याने सुरुवात करायची तर ताठ बाजूने, हा डेपोचा धडा.

विद्यापीठाच्या झाडीतून जाणारा रस्ता रविवारी मोकळा असतो. दीक्षाने रेस देऊन गाडी ओढली, पाय उचलला. खांद्यावर दोन थापा. गाडी कडेला, बॉनेट वर, स्क्रू जरासा सैल, पुन्हा गाडी रस्त्यावर. पुन्हा दोन थापा, पण जरा हलक्या. सकाळी फिरायला आलेले लोक थांबून बघायला लागले. एक म्हातारा गाडी ढकलायलाही तयार झाला. देवरावांना त्याचं काय. कित्येक वर्षांनी हात काळे झाले होते आणि मान वाकवून काम चाललं होतं. एकदा चतुराबाईंनी थाप मारलीच नाही, नुसत्या ओठ मुडपून बसल्या. देवरावांनी मागे वळून विचारलं. त्या म्हणाल्या, आवाज आला, पण हा तुमच्या त्या जोडीदाराचा आहे, झटक्यात सुटला. दीक्षा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली. मग देवरावांनी तिला पाय कसा उचलायचा ते सांगितलं: झटकायचा नाही, झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढतो तसा. स्क्रूही त्यांनी केसभर फिरवला, नट आवळला आणि येऊन बसले.

दीक्षाने गाडी ओढली. पाय सावकाश उचलला.

देवरावांच्या कानांत इंजिनाची गुरगुर उतरत गेली आणि मग नेहमीची शांतता आली. त्या शांततेत त्यांच्या खांद्यावर एक थाप पडली. हात तिथून लगेच उठला नाही. आरशात त्यांनी पाहिलं, चतुराबाईंचे डोळे भरले होते.

"ह्योच," त्या म्हणाल्या. "तुमचा जरा जड होता. पण ह्योच."

सिग्नलवर गाडी मग कधी बंद पडली नाही. दीक्षाने बापाला डॉक्टरकडे नेऊन कानाचं मशीनही आणलं. देवराव ते इमानाने वापरतात, मुख्यतः अफझलगंजच्या ग्रंथालयात, जिथं ऐकायला काही नाही. तिथं लोक पानं किती जोरात उलटतात, अशी त्यांची आता तक्रार असते.

पण संध्याकाळ झाली की ते मशीन काढून डबीत ठेवतात आणि गॅलरीत बसतात. मशीन लावून एकदा त्यांनी तो फुस्स ऐकला होता. ऐकू आला, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. त्यापेक्षा त्यांना दुसरं बघायला आवडतं. कोपऱ्याकडे पाठ करून ते खुर्ची आतल्या बाजूला वळवतात. समोर चतुराबाई भाजी निवडत असतात. निवडता निवडता त्यांचा हात थांबतो. त्या मान किंचित वर करतात, मांडीवरची देठं झटकतात आणि उठून चहाचं आधण ठेवायला आत जातात.

पोरगी कोपऱ्यावर आली, हे देवरावांना कळतं.